बाबा, तुम्ही दिलेल्या पेशी खराब नव्हत्या

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, आत्याचा विषय निघाला की तुम्ही अजूनही म्हणता ना की "माझं वय झालेलं, माझ्याच पेशी कमी पडल्या", ते मला ऐकवत नाही. फोनवर हे बोलायला गेलं की आईला रडू येतं आणि तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता, म्हणून लिहूनच पाठवतेय. मोठं होणार आहे पत्र, दोन-तीन बैठकांत वाचा पण पूर्ण वाचा, कारण मी रोज लॅबमध्ये जे काम करते त्याचा याच्याशी थेट संबंध आहे आणि ते मी तुम्हाला आजवर कधी नीट सांगितलेलं नाहीये.

आधी सरळ उत्तर देते. आत्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला आणि ट्रान्सप्लांटसाठी तुम्ही तिला तुमच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी दिल्या, त्या तुमच्या पेशी तिच्या बोन मॅरोत व्यवस्थित रुजल्या होत्या. ट्रान्सप्लांटनंतर तिचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, वर यायला लागले ते तुमच्या पेशींमुळेच, आणि तिचा रक्तगट बदलून तुमचा झाला होता ते आठवतंय ना, तो काही उगाच नाही बदलत, तिचं रक्त तुमच्या पेशी बनवत होत्या म्हणून बदलला. नंतर आजार परतला तेव्हा कायमेरिझमची जी टेस्ट केली होती, म्हणजे कुठल्या पेशी दात्याच्या आणि कुठल्या पेशंटच्या हे बघायची टेस्ट, तिच्यात स्पष्ट होतं की वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशी आत्याच्याच होत्या. जुन्याच. केमोतून वाचलेल्या, लपून राहिलेल्या. तुमच्या पेशी तोपर्यंत त्यांच्याशी लढत होत्या. त्या पेशी लपून कशा राहतात आणि लढणाऱ्यांना थोपवतात कशा, हे शोधणाऱ्या खूप लोकांपैकी मी एक आहे.

आता थोडं मागून सुरू करते. आपल्या हाडांच्या आतल्या मॅरोत रोज साधारण २०० अब्ज लाल पेशी बनतात, म्हणजे सेकंदाला २० लाखांच्या आसपास, आणि हे जन्मभर चालू. लाल पेशी १२० दिवस जगतात, प्लेटलेट ७ ते १० दिवस, काही पांढऱ्या पेशी तर रक्तात एखादा दिवससुद्धा टिकत नाहीत, त्यामुळे कारखाना बंद ठेवून चालतच नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी अगदी थोड्या स्टेम सेल असतात. अशा पेशी असतात हे १९६१ साली टोरांटोमध्ये टिल आणि मॅक्युलॉक या दोघांनी दाखवलं, उंदरांच्या प्लीहेत गाठी मोजून. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की या स्टेम सेल बहुतेक वेळ झोपलेल्या असतात. झोपून राहतात म्हणूनच त्या जन्मभर पुरतात. मग रक्तस्राव झाला, ताप आला, इन्फेक्शन झालं की त्यांना उठवायचं कोणी? काही निरोप तर तुम्हालाही माहीत आहेत, किडनीतून येणारं एरिथ्रोपोएटिन, किंवा बाबा तुम्हाला पेशी काढण्याआधी पोटावर जी इंजेक्शनं दिली होती ते जी-सीएसएफ. पण याशिवाय एक अगदी जुना, सगळ्या सजीवांत सापडणारा निरोप आहे आणि त्याकडे रक्तवाल्या लोकांचं लक्ष बरंच उशिरा गेलं. तो म्हणजे एटीपी.

एटीपी तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, पेशीची एनर्जी. दिवसभरात आपण जवळजवळ आपल्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि वापरून टाकतो. हे सगळं पेशीच्या आत. बाहेर मात्र त्याचं प्रमाण आतल्यापेक्षा हजारो, कधी लाखो पटीने कमी असतं. आणि इथेच सगळी मेख आहे बाबा. घरातलं धान्य कोठीत असतं तेव्हा त्याकडे कोणी बघत नाही, पण तेच रस्त्यावर सांडलेलं दिसलं की सगळ्यांना कळतं की कुठेतरी काहीतरी फुटलंय. तसंच एटीपी पेशीबाहेर दिसलं की शेजारच्या पेशींना कळतं, की कोणाला तरी इजा झालीय, कोणीतरी मेलंय, किंवा कोणीतरी मुद्दाम थोडंसं सोडून निरोप पाठवलाय. पेशी मुद्दामही सोडतात हं, लाल पेशींना ऑक्सिजन कमी पडला किंवा बारीक रक्तवाहिनीतून पिळून जावं लागलं की त्या एटीपी सोडतात आणि वाहिनी रुंद होते.

हा निरोप ऐकणारे जे कान पेशीच्या अंगावर असतात त्यांना प्युरिनर्जिक रिसेप्टर म्हणतात. आई, प्युरीन म्हटल्यावर तुला बाबांचं यूरिक ॲसिडच आठवणार ते मला माहीत आहे. नातं आहेच, एटीपीच्या पोटात जो ॲडेनीन असतो तो प्युरीन जातीचा आणि प्युरीन मोडलं की शेवटी यूरिक ॲसिड होतं, आत्याला केमो सुरू करताना ॲलोप्युरिनॉल दिलं होतं ते याचसाठी, एकदम खूप पेशी मेल्या की यूरिक ॲसिड उसळतं म्हणून. पण खाण्यातलं प्युरीन कमीजास्त करून या रिसेप्टरांना काही फरक पडत नाही. पेशीबाहेरचं एटीपी तिथल्या तिथे पेशींमधूनच येतं आणि थोड्याच वेळात मोडलं जातं. त्यामुळे इंटरनेटवर एटीपीच्या नावाने काही पावडर वगैरे दिसली तर कृपा करून मागवू नका.

या कल्पनेच्या मागे एक माणूस होता, जेफ्री बर्नस्टॉक. लंडनचा, पण हे काम सुरू केलं मेलबर्नमध्ये. आतड्याच्या मज्जातंतूंवर प्रयोग करताना त्याला दिसलं की तेव्हा माहीत असलेले दोन्ही निरोप, ॲसिटिलकोलिन आणि नॉरॲड्रेनलिन, औषधाने बंद केले तरी स्नायू प्रतिसाद देतोच. म्हणजे तिसरं काहीतरी आहे. ते एटीपी आहे असं त्याने १९७० पासून मांडलं आणि १९७२ ला मोठा लेख लिहिला. लोकांनी मानलंच नाही! एनर्जीचा इतका महत्त्वाचा रेणू पेशी असा बाहेर उधळेल कशाला, असा सगळ्यांचा सवाल. १९९३-९४ मध्ये एकेक रिसेप्टरांचे जीन हातात आले तेव्हा कुठे वाद मिटला. वीस वर्षं हा माणूस आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला, २०२० मध्ये गेला. मी त्याला कधी भेटले नाही पण आमच्या क्षेत्रात सगळे त्याचे ऋणी आहेत आणि मी तर नक्कीच.

आज आपल्याला अशी तीन घराणी माहीत आहेत. पी१ मध्ये चार रिसेप्टर, ते ॲडेनोसिन ऐकतात, एटीपी मोडत मोडत शेवटी जे उरतं ते ॲडेनोसिन (चहा-कॉफीतलं कॅफीन यांनाच अडवतं म्हणून झोप उडते). पी२एक्स मध्ये सात, ते दरवाजेच आहेत, एटीपी चिकटलं की उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. आणि पी२वाय मध्ये आठ, ते जरा सावकाश, आतल्या साखळ्या हलवणारे. यांपैकी एकाशी बाबा तुमची रोज सकाळी गाठ पडते. स्टेंटनंतर तुम्हाला जी क्लोपिडोग्रेलची गोळी दिलीय ना, ती पी२वाय१२ ला बंद करते. प्लेटलेट एकमेकींना चिकटवणारा निरोप म्हणजे एडीपी, एटीपीचाच एक फॉस्फेट कमी झालेला भाऊ, हे १९६१ मध्येच कळलं होतं, आणि त्या निरोपाचा प्लेटलेटवरचा मुख्य कान म्हणजे पी२वाय१२. गोळी लिव्हरमध्ये जाऊन तयार होते आणि त्या कानाला कायमची चिकटते, ती प्लेटलेट मरेपर्यंत. म्हणून एखादी गोळी चुकली तर लगेच घाबरायचं नाही पण दात काढायचाय म्हणून स्वतःच्या मनाने ती बंद तर अजिबात करायची नाही, आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारायचं. हे मी फक्त काळजीपोटी सांगत नाहीये, मला त्या रिसेप्टरची ओळख आहे म्हणून सांगतेय. आणि कोणी म्हणालं ना की तुमच्या मुलीच्या कामातून औषध काय निघणार, तर ही गोळी दाखवा, प्युरिनर्जिक रिसेप्टरवरचं औषध जगभर लाखो लोक रोज घेतात.

आता मॅरोकडे. स्टेम सेलच्या अंगावरही हे रिसेप्टर असतात हे कळलं तेव्हा चित्र बदललं. २००३ मध्ये बोस्टनच्या एका गटाने दाखवलं की पी२वाय१४ नावाचा रिसेप्टर मॅरोतल्या स्टेम सेलवर असतो आणि यूडीपी-ग्लुकोज नावाच्या रेणूच्या दिशेने त्या पेशींना चालायला लावतो. २००४ मध्ये इटलीत बोलोन्याच्या गटाने माणसाच्या स्टेम सेलवर एटीपी आणि त्याचा चुलतभाऊ यूटीपी टाकून बघितलं, तर वाढीचे नेहमीचे निरोप सोबत असताना त्या पेशी जास्त जोमाने वाढल्या, आणि पुढे २००७ मध्ये त्यांनाच दिसलं की यूटीपीने तर पेशींची मॅरोकडे परतायची ओढसुद्धा वाढते. म्हणजे बाबा, तुमच्या पेशी आत्याच्या हाताच्या शिरेतून सोडल्या आणि त्या बरोब्बर हाडांत जाऊन बसल्या, त्या वाट शोधण्यात या निरोपांचाही वाटा असू शकतो. मुख्य वाटाड्या सीएक्ससीएल१२ नावाचं प्रोटीन आहे पण तो एकटा नाही.

तुमच्या बाबतीत आधीचीही पायरी आहे. ती इंजेक्शनं चालू असताना तुमची हाडं ठणकत होती, आठवतंय? जी-सीएसएफने मॅरोत एक प्रकारची छोटी दाहाची लाट उठते, तिथल्या पेशी एटीपी सोडतात, ते पी२एक्स७ नावाचा दरवाजा उघडतं, आणि त्या गडबडीत स्टेम सेल जागा सोडून रक्तात उतरतात, मग मशीनने त्या गोळा करता येतात. हे बरंचसं उंदरांवरच्या कामातून कळलंय, आणि त्यातच असंही दिसतं की एटीपी मोडून ॲडेनोसिन झालं की उलट होतं, पेशी बाहेर पडायच्या थांबतात. एकच रेणू, आख्खा असताना म्हणतो निघा आणि मोडल्यावर म्हणतो थांबा. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती वेळ काही सुचलंच नव्हतं.

आणि वयाबद्दल, कारण तुमच्या मनात तेच आहे. पी२वाय१४ नसलेले उंदीर बनवून बघितले तर साध्या परिस्थितीत त्यांचं रक्त ठीक होतं, पण रेडिएशन, केमो असे ताण दिले की त्यांच्या स्टेम सेल लवकर म्हाताऱ्या झाल्या. म्हणजे पेशी म्हातारी व्हायला ताण आणि तो ताण ऐकणं-न-ऐकणं हेही कारणीभूत असतं, नुसतं जन्मसाल नाही. मॅच होणाऱ्या सख्ख्या भावाच्या पेशी मिळणं ही आत्यासाठी नशिबाची गोष्ट होती, सख्ख्या भावंडांत मॅच व्हायची शक्यता चारात एक असते. डॉक्टरांनी तुम्हाला सगळं तपासून मगच घेतलं होतं.

मग आजार परतला का. इथे जरा हळू वाचा.

आत्याच्या एएमएल, म्हणजे ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, या ल्युकेमियात सगळ्या कॅन्सरच्या पेशी सारख्या नसतात. त्यांच्यातही एक मूळ असतं, तेही स्टेम सेलसारखंच झोपणारं, हे १९९४ मध्ये पुन्हा टोरांटोतूनच जॉन डिक यांच्या गटाने दाखवलं. केमो वाढणाऱ्या पेशींना जास्त मारते, झोपलेल्या वाचू शकतात. आणि या पेशी तोच एटीपीचा निरोप वेगळ्या पद्धतीने ऐकतात. बोलोन्याच्याच गटाने २०१२ मध्ये दाखवलं की जे एटीपी निरोगी स्टेम सेलला जोम देतं तेच एएमएलच्या पेशींची वाढ आणि हालचाल कमी करतं, उंदरात त्या नीट रुजतही नाहीत. किती मोठी गोष्ट आहे ही! निरोगी आणि आजारी पेशींत फरक करता येणं हेच तर आम्हाला हवं असतं, केस जाणं, तोंड सोलवटणं, काउंट पडणं, आत्याने जे सोसलं ते सगळं हा फरक केमोला करता येत नाही म्हणूनच.

पण मला तुम्हाला खोटी आशा लावायची नाहीये. कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पी२एक्स७ बघा. एटीपी भरपूर असेल तर हा दरवाजा सताड उघडतो आणि पेशी मरते. पण थोडंथोडं एटीपी असेल तर त्याच दरवाजातून पेशीला वाढायला मदत होते. ल्युकेमियाच्या मुलांच्या मॅरोत तो जास्त सापडलाय, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात आजार वेगाने वाढणाऱ्यांमध्ये जास्त, आणि उंदरांतल्या एका प्रकारच्या एएमएलमध्ये तो आजार वाढवतो असं दिसलंय. म्हणजे हा रिसेप्टर बंद करायचा की जोरात उघडायचा? पेशी कुठली, एटीपी किती, किती वेळ, सगळ्यावर अवलंबून. कोणी म्हणालं की अमुक रिसेप्टर वाईट, तो ब्लॉक केला की कॅन्सर बरा, तर माझा त्यावर विश्वास बसत नाही.

आणि तुमच्या पेशींना थोपवलं कोणी, तर त्याचं एक उत्तर असं. पेशींच्या अंगावर दोन कात्र्या असतात, सीडी३९ आणि सीडी७३. पहिली एटीपी कापत नेते, दुसरी उरलेल्याचं ॲडेनोसिन करते. ॲडेनोसिन टी-सेलवरच्या, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरच्या, ए२ए रिसेप्टरला (हा पी१ घराण्यातला) चिकटलं की टी-सेल थंड पडते. ट्रान्सप्लांटमध्ये खरी लढाई तुमच्या टी-सेल लढतात, दात्याच्या टी-सेल ल्युकेमियाला परका म्हणून ओळखतात त्यावरच तर ट्रान्सप्लांटची अर्धी मदार असते. कॅन्सर आजूबाजूला ॲडेनोसिन साठवून त्यांना शांत करू शकतो. शिवाय २०२० मध्ये असंही पुढे आलं की सायटाराबिनमधून, म्हणजे आत्याला दिलेल्या मुख्य केमोमधून, ज्या एएमएलच्या पेशी वाचतात त्यांच्यावर सीडी३९ वाढलेलं असतं, आणि त्याच्या जोरावर त्या आपली एनर्जीची यंत्रणा वाढवून तग धरतात. डॉनोरुबिसिन या केमोच्या दुसऱ्या औषधाचीही तशीच दुहेरी गोष्ट, त्याने मरणाऱ्या पेशी एटीपी सोडतात, त्याने इम्युनिटीच्या पेशी जाग्या होतात, पण त्याच एटीपीमुळे त्यांच्यात ब्रेक लावणारे गुणही तयार होतात. आत्याच्या शरीरात नेमकं यातलं काय झालं हे कोणी सांगू शकणार नाही, ते तपासलंच गेलं नव्हतं, तशी टेस्ट नेहमीच्या उपचारात नसतेच. पण लढणाऱ्यांना शत्रूने असं थंड केलं तर त्यात लढणाऱ्यांचा दोष कसा धरायचा बाबा?

आई, तू विचारलं होतंस की मग औषध कधी येणार. ल्युकेमियासाठी या रिसेप्टरांवरचं मंजूर औषध आज नाही. पी२एक्स७ बंद करणारी औषधं संधिवातावर वापरून बघितली होती, तिथे फारसा फायदा दिसला नाही. सीडी३९, सीडी७३ आणि ए२ए वरची औषधं कॅन्सरच्या ट्रायलमध्ये आहेत. मला स्वतःला त्या कात्र्यांचा रस्ता जास्त बरोबर वाटतो, कारण एकेक कान बंद करत बसण्यापेक्षा निरोप कशात बदलतोय तेच धरलं तर एका वेळी दोन कामं होतात, एटीपी टिकतं आणि ॲडेनोसिन कमी होतं. माझ्या ग्रुपमध्ये यावर एकमत नाहीये, खूप वाद होतात, ते असू दे.

आणि काम इतकं सावकाश का चालतं तेही सांगते. एटीपी मोजणं महाकठीण. पेशींवरचं नुसतं पाणी जोरात बदललं तरी त्या धक्क्याने पेशी एटीपी सोडतात, म्हणजे मी जे मोजायला गेले ते माझ्याच हाताने तयार होतं! म्हणून सगळं अगदी हळू, मग वाट बघायची, मग चमकणारा रंग घालून कॅल्शियम किती शिरलं ते बघायचं. उंदराचा पी२एक्स७ आणि माणसाचा पी२एक्स७ सारखे वागत नाहीत ते वेगळंच. इटलीतल्याच फेरारामधल्या लोकांनी काजव्याचं चमकणारं एन्झाइम पेशीच्या बाहेरच्या अंगाला बसवून जिवंत उंदराच्या गाठीतलं एटीपी मोजलं, २००८ मध्ये, गाठीत भरपूर सापडलं आणि निरोगी भागात जवळजवळ नाहीच. त्या प्रयोगाचे फोटो मी तुम्हाला पाठवते, बघूनच कळेल मी या सगळ्यात का अडकलेय ते.

पुढचे काही महिने मी केमोतून वाचलेल्या ल्युकेमियाच्या पेशी आणि निरोगी दात्यांच्या टी-सेल एकत्र ठेवून बघणार आहे, सीडी३९ बंद केल्यावर टी-सेल पुन्हा कामाला लागतात का. दात्यांमध्ये साठीच्या आसपासचेही लोक आहेत, त्यांच्या टी-सेल कशा वागतात ते मी मुद्दाम वेगळं लिहून ठेवणार आहे. जे येईल ते, चांगलं असो नाहीतर नसो, तुम्हाला कळवीन.

बाबा, आत्याची फाइल जपून ठेवा, टाकू नका. आणि यातलं काही कळलं नाही तर समासात खूण करा, रविवारी फोनवर एकेक करून बघू. आईला पण बोलवा तेव्हा, टीव्ही बंद करून.

तुमची,
लेक